जुन्या जावा व येझदी फटफट्यांची निगा

मध्यम स्थितींतील कित्येक घरांच्या जिन्याखालीं अथवा अंगणाच्या कोपऱ्यांत एखादी जुनी फटफटी चादरीखालीं झांकलेली आढळते. घरांतील कर्त्या पुरुषानें ती नोकरीच्या उमेदीच्या वर्षांत घेतलेली असते. तिच्यावरून मुलें शाळेला गेलेलीं असतात, रात्रीअपरात्रीं डॉक्टरला आणलेलें असतें आणि लग्नाच्या याद्यांतील निम्मा बाजार झालेला असतो. आतां चाकांतील हवा गेलेली, टाकीच्या तळाशीं गंज सांचलेला, आणि किक मारूं गेल्यास पाऊल जागच्या जागीं अडतें. भंगारवाला दारावर येऊन वजनाचा भाव सांगतो. घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, जागा अडली आहे, देऊन टाका. दुसरा म्हणतो, नवीं यंत्रें बसवून हिला नवी करूं. या दोन्ही पक्षांपाशीं बहुधा एकाच गोष्टीची उणीव असते, आणि ती म्हणजे माहिती. गाडी दुरुस्त होण्याजोगी आहे काय, तिचे सुटे भाग कोठून मिळावयाचे, आणि तिच्यांत करावयाच्या सुधारणांपैकीं हितावह कोणत्या व घातक कोणत्या, याचा उलगडा झाल्यावांचून घेतलेला निर्णय पश्चात्तापाचा ठरण्याचा संभव अधिक.

हा प्रश्न कोणत्याहि जुन्या गाडीचा असूं शकेल. परंतु जिचा कारखानाच बंद पडला अशा गाडीच्या बाबतींत तो विशेष बिकट होतो. चालू कंपनीच्या गाडीचा मालक दुकानांत जाऊन भागाचा क्रमांक सांगतो व भाग घेऊन येतो. बंद पडलेल्या कंपनीच्या गाडीच्या मालकाला मात्र खरेदीदार, परीक्षक आणि थोडाफार कारागीर अशा तिन्ही भूमिका स्वतःच कराव्या लागतात. याचें आपल्याकडील सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे म्हैसूरची जावा व येझदी.

जावा हें नांव मूळचें प्राग शहरांतलें. फ्रांटिशेक यानेचेक या कारखानदारानें १९२९ सालीं वाँडरर या जर्मन कंपनीचा मोटारसायकलींचा विभाग विकत घेतला आणि स्वतःच्या व त्या कंपनीच्या नांवांचीं आद्याक्षरें जोडून हें नांव तयार केलें. दुसऱ्या महायुद्धांत तो देश जर्मनांच्या ताब्यांत असतांना तेथील तंत्रज्ञांनीं गुप्तपणें एका नव्या २५० घन सेंटिमीटरच्या गाडीचा आराखडा केला. १९४६ सालीं ती गाडी जगापुढें आली. तिच्याच वंशांतली पुढची गाडी भारतांत आली. मुंबईशीं संबंध असलेल्या रुस्तम इराणी व फरोख इराणी यांनीं १९६० सालीं म्हैसूर येथें आयडियल जावा ही कंपनी स्थापन केली, व १९६१ पासून तेथील गाड्या रस्त्यावर आल्या. १९७३ च्या सुमारास जावा हें नांव जाऊन येझदी हें नांव आलें. १९७८ पासून रोडकिंग ही तिची सर्वांत लोकप्रिय आवृत्ति निघूं लागली. १९८५ सालीं हीरो होंडाची शंभर घन सेंटिमीटरची फोर-स्ट्रोक गाडी आली, आणि एका लिटरमध्यें २५-३० किलोमीटर जाणारी येझदी लोकांना खर्चिक वाटूं लागली. पुढें धुराविषयींचे नियम कडक होत गेले, कारखान्यापुढें इतरहि अडचणी उभ्या राहिल्या, आणि १९९६ मध्यें म्हैसूरचा कारखाना बंद झाला.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. २०१८ सालीं जावा आणि २०२२ सालीं येझदी हीं दोन्ही नांवें एका नव्या कंपनीनें बाजारांत पुन्हां आणलीं. त्या गाड्यांचीं इंजिनें फोर-स्ट्रोक व पाण्यानें थंड होणारीं आहेत. जुन्या इंजिनाशीं त्यांचें कांहींहि नातें नाहीं. त्यांच्या दुकानांत जुन्या गाडीचा भाग मिळेल या आशेनें गेलेला मनुष्य रिक्त हस्तानें परततो. नांव पुन्हां जन्माला आलें, यंत्र नव्हे.

निगा कशी राखावी हें समजण्यासाठीं आधीं यंत्राचा स्वभाव समजला पाहिजे. येझदीचें इंजिन टू-स्ट्रोक जातीचें आहे. फोर-स्ट्रोक इंजिनांत पिस्टन, म्हणजे नळकांड्यांत सरकणारा दट्ट्या, दोनदां वर व दोनदां खालीं गेल्यावर एकदां स्फोट होतो. टू-स्ट्रोकमध्यें तो एकदां वर व एकदां खालीं गेला कीं स्फोट होतो. येथें उघडझांप करणाऱ्या झडपा नाहींत. नळकांड्याच्या भिंतींत वाटा ठेवलेल्या असतात, आणि पिस्टन स्वतःच त्या झांकतो व उघडतो. पिस्टन वर जातांना त्याच्याखालच्या बंद पेटींत, जिला क्रँक-केस म्हणतात, पेट्रोल व हवा यांचें मिश्रण ओढलें जातें. तो खालीं येतांना तें मिश्रण दाबलें जाऊन बाजूच्या वाटांनीं वर चढतें आणि आधींचा जळका धूर बाहेर ढकलतें. या धुराला नळकांड्यांतून निघावयास दोन तोंडें ठेवलेलीं आहेत. म्हणूनच नळकांडें एक असूनहि या गाडीला सायलेन्सर मात्र दोन असतात.

या रचनेंतून तीन गोष्टी निघतात, आणि निगेचें बहुतेक शास्त्र या तिहींतच सांठवलेलें आहे. पहिली, क्रँक-केसमधून पेट्रोल खेळत असल्यामुळें तेथें निराळें तेल भरून ठेवतां येत नाहीं. वंगण पेट्रोलमध्येंच मिसळावें लागतें. दुसरी, ती पेटी हवाबंद राहिली पाहिजे. तिसरी, धुराची वाट मोकळी राहिली पाहिजे. गिअरच्या पेटींतील तेल या सर्वांहून स्वतंत्र असतें, हेंहि ध्यानांत ठेवावें.

आतां वंगणाकडे वळूं. या गाड्यांसाठीं रूढ असलेलें प्रमाण २५ भाग पेट्रोलला १ भाग तेल, म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर असें आहे. तेल टू-स्ट्रोकसाठींच बनविलेलें असावें. मोटारीचें तेल घालणें ही काटकसर नव्हे. तेल कमी पडल्यास पिस्टन तापून फुगतो व नळकांड्यांत रुततो. चालत्या गाडीचें इंजिन असें अकस्मात् जखडलें कीं मागचें चाकहि जखडतें, आणि मागें बसलेल्या माणसासह गाडी आडवी होते. इंजिनाचा आवाज एकाएकीं घुसमटल्यासारखा झाला, अथवा मूठ पिळूनहि गाडी ओढेनाशी झाली, तर त्याच क्षणीं क्लच दाबून चाक मोकळें करावें व बाजूला थांबावें. या गाड्यांवर वाढलेले जुने चालक दोन बोटें नेहमीं क्लचच्या दांड्यावर ठेवीत, तें ढब म्हणून नव्हे.

घाट उतरतांना तर विशेष सावध राहावें. खंडाळ्याचा अथवा खंबाटकीचा घाट उतरतांना चालक मूठ बंद करून गाडीला तिच्या वेगानें जाऊं देतो. इंजिन वेगानें फिरत असतें, परंतु मूठ बंद असल्यामुळें पेट्रोल जवळजवळ येत नाहीं, आणि पेट्रोल नाहीं म्हणजे तेलहि नाहीं. म्हणून उतारावर मधून मधून मूठ थोडी उघडून इंजिनाला घोटभर तेल पाजावें. फोर-स्ट्रोकवर शिकलेल्या तरुणाला ही गोष्ट कोणी सांगितल्यावांचून कळत नाहीं, आणि वडिलांची गाडी पहिल्यानेंच घाटांत नेणाऱ्या मुलाचें इंजिन पुष्कळदां येथेंच जखडतें.

हल्लीं यांत एक नवी अडचण मिसळली आहे. २०२५ पर्यंत देशांतील पेट्रोलमध्यें सुमारें २० टक्के इथेनॉल, म्हणजे मद्यार्क, मिसळण्याची मजल गांठली गेली. ज्या काळीं येझदीचा आराखडा झाला त्या काळीं हें इंधन कोणाच्या स्वप्नींहि नव्हतें. मद्यार्क जुन्या रबराला मऊ करून फुगवितो; त्यामुळें पेट्रोलची नळी व कॉकमधील वायसर झिरपूं लागतात. शिवाय मद्यार्क हवेंतील ओल शोषून घेतो. गाडी महिनोन् महिने उभी राहिली कीं पाणी व मद्यार्क मिळून टाकीच्या तळाशीं एक थर बसतो, आणि तेल मात्र वरच्या पेट्रोलमध्यें राहतें. कॉक तर तळाशींच असतो! अशा वेळीं किक मारून गाडी चालू केली तर इंजिनांत जाणाऱ्या पहिल्या घोटांत वंगणाचा अंश नाममात्र असतो. उपाय साधा आहे. महिन्याहून अधिक काळ गाडी उभी राहणार असेल तर टाकी व कार्बोरेटर रिकामे करावे, टाकींत थोडें तेल फिरवून ठेवावें, आणि पेट्रोलची नळी व रबरी वायसर मद्यार्काला दाद न देणाऱ्या नव्या प्रकारचे बसवावे. या इंधनानें मिश्रण थोडें पातळ पडतें, म्हणून कार्बोरेटरमधील जेट किंचित् मोठा घालून घेणें बरें. ही सुधारणा अल्प खर्चाची आहे, आणि तिचा उपयोग सर्वांत मोठा आहे.

मिश्रण बरोबर आहे कीं नाहीं हें सांगणारा साक्षीदार म्हणजे स्पार्क-प्लग. गाडी चांगली आठ-दहा किलोमीटर चालवून प्लग काढून पाहावा. त्याच्या टोंकाशीं असलेली चिनी मातीची कांडी चॉकोलेटच्या रंगाची दिसली तर सर्व ठीक. ती पांढरी फटक असेल तर पेट्रोल कमी येत आहे अथवा कोठून तरी जादा हवा शिरत आहे असें समजावें. काळीकुट्ट व ओली असेल तर पेट्रोल वा तेल अधिक होत आहे. या एका पाहणीनें कारागिराच्या पुष्कळ फेऱ्या वांचतात.

जादा हवा कोठून शिरते, या प्रश्नानें दुसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे हवाबंद पेटीकडे येतां येतें. क्रँकच्या दोन्ही बाजूंस रबरी ओठांचीं कडीं असतात; त्यांना ऑइल-सील म्हणतात. वीस-तीस वर्षें उभ्या असलेल्या गाडींत हें रबर वाळून काठासारखें कठीण झालेलें असतें. डायनॅमोच्या बाजूचें सील गेलें कीं तेथून हवा आंत येते, मिश्रण पातळ होतें, इंजिन तापतें व मूठ सोडल्यावरहि गुरगुरत राहतें. क्लचच्या बाजूचें सील गेलें कीं तिकडचें तेल आंत ओढलें जातें, सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचे लोट निघतात आणि गिअरपेटींतील तेल न गळतां कमी होत जातें. पुष्कळ मालक अशा धुराला भिऊन पिस्टन बदलतात, नळकांडें नव्यानें बोअर करून घेतात, बराच पैसा घालवितात, आणि धूर तसाच राहतो. दोष एका स्वस्त रबरी कड्याचा असतो. मात्र तें बदलण्यासाठीं इंजिन उघडावें लागतें; म्हणून इंजिन कोणत्याहि कारणानें उघडलें गेलें कीं दोन्ही सीलें व बेअरिंगें त्याच वेळीं बदलून घ्यावीं, असा जुन्या कारागिरांचा दंडक आहे.

तिसरी गोष्ट धुराची वाट. तेल जळून त्याची काजळी नळकांड्याच्या तोंडाशीं व सायलेन्सरच्या आंतील नळींत घट्ट बसते. गाडी चढावर दमते, पेट्रोल अधिक खाते, आणि मालक तिला म्हातारी म्हणूं लागतो. पुष्कळदां ती म्हातारी नसून तिचा फक्त श्वास कोंडलेला असतो. आंतील नळी काढून, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यांत भिजत ठेवून, घांसून स्वच्छ केली कीं गाडी पुन्हां तरतरीत होते. हें काम हातमोजे व चष्मा घालून, मुलांपासून दूर, उघड्या जागीं करावें. आणि ॲल्युमिनियमचे भाग त्या पाण्यांत कधींहि घालूं नयेत, कारण सोडा तें खातो. कांहीं हौशी लोक आवाज घुमावा म्हणून ही आंतील नळी काढूनच टाकतात. टू-स्ट्रोक इंजिनांत सायलेन्सर हा धुराला वाट देतांना ताज्या मिश्रणाला थोडें मागें रेटण्याचेंहि काम करतो. नळी काढली कीं आवाज वाढतो. शक्ति वाढेलच असें मात्र नाहीं, आणि गल्लींतील झोंपलेल्या माणसांचे शाप तेवढे नक्की मिळतात.

एवढें समजल्यावर उभी राहिलेली गाडी पुन्हां चालू कशी करावी, तें सांगतां येईल. पहिला नियम असा कीं, किक मारूं नये. या गाड्यांत किकचा व गिअरचा दांडा एकच असतो. तोच आंत दाबून वर फिरविला कीं किक होते. जखडलेल्या इंजिनावर बळानें पाय मारल्यास त्या एका दांड्यामागची सारी यंत्रणा दुखावते. प्लग काढून त्या भोंकांतून थोडें पातळ तेल सोडावें व गाडी दोन दिवस तशीच ठेवावी. मग ती वरच्या गिअरमध्यें टाकून मागचें चाक हातानें हळूच पुढेंमागें हलवावें. इंजिन सुटलें तर उत्तम. न सुटलें तर नळकांडें उतरवून घ्यावें, बळजबरी करूं नये. इंजिन सुटल्यावर टाकी धुवावी, गंज काढावा, कार्बोरेटर साफ करावा, आणि जुन्या पेट्रोलचा थेंबहि ठेवूं नये. पॉइंटांमधील अंतर सुमारें ०.४ मिलिमीटर ठेवून त्यांचीं तोंडें स्वच्छ करावीं. ठिणगी पिस्टन वर पोंचण्यापूर्वीं नेमकी केव्हां पडावी हें प्रत्येक आवृत्तीच्या माहितीपुस्तिकेंत दिलेलें असतें. तें अंदाजानें लावूं नये.

यानंतर, आणि गाडी रस्त्यावर काढण्याच्या आधीं, ब्रेक पाहावे. इंजिन चालू झालें कीं घरांत आनंदीआनंद होतो व मंडळी लगेच चक्कर मारावयास निघतात. पण वीस वर्षें गंजलेली तार त्याच चकरेंत तुटते. ब्रेकच्या तारा व टायर दिसावयास चांगले असले तरी नवेच घालावे. ड्रम लेथवर साफ करून घेऊन त्याच्या गोलाईला जुळतील असे नवे लायनर बसवावे. जुन्या लायनरमध्यें ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्याची भुकटी तोंडानें वा हवेच्या पंपानें उडवूं नये, ओल्या फडक्यानें पुसून घ्यावी. ती भुकटी फुप्फुसांत गेल्यास कित्येक वर्षांनंतरहि आजार उद्भवतो.

सुटे भाग तीन प्रकारांनीं मिळतात. पहिला प्रकार म्हणजे मूळ कारखान्याचा, दुकानांच्या माळ्यांवर पडून राहिलेला माल. तो दिवसेंदिवस दुर्मिळ व महाग होत आहे, आणि त्यांतील धातूचे भाग उत्तम असले तरी रबरी भाग कोऱ्या वेष्टनांतहि वाळलेले असूं शकतात. मूळचें म्हणून तीस वर्षांचें जुनें सील घालणें हा निव्वळ भाबडेपणा होय. दुसरा प्रकार नव्यानें बनविलेल्या नकलांचा. यांत चांगलें व वाईट शेजारीं शेजारीं विकलें जातें. पिस्टन, गिअरचे दांते व क्रँकची पिन यांच्या बाबतींत स्वस्ताईच्या मागें लागूं नये. मोजमाप करणाऱ्या माणसाकडून व्यास तपासून घ्यावा. जावा मूळ चेक देशांतील असल्यानें तेथें तयार होणारे कांहीं भाग जुन्या म्हैसुरी गाड्यांना चालतात, आणि हौशी लोक तेहि मागवितात. तिसरा प्रकार जुन्या बाजारांतला. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार, दिल्लीचा करोलबाग अशा ठिकाणीं मोडलेल्या गाड्यांचे भाग सांपडतात. तेथें जाणाऱ्यानें स्वतःचा जुना भाग बरोबर न्यावा. नांवावर न जातां मापावर जावें, कारण जावा, येझदी व रोडकिंग यांचे भाग दिसावयास सारखे असून मापांत वेगळे असूं शकतात.

नळकांडें झिजलें असेल तर तें बोअर करून थोड्या मोठ्या मापाचा पिस्टन घालतात. या गाड्यांच्या नळकांड्याचा मूळ व्यास ६५ मिलिमीटर आहे, व पिस्टन सामान्यतः पाव मिलिमीटरच्या पायरीनें मोठे मिळतात. अर्थात् अशा पायऱ्या मोजक्याच असतात. झीज नसतां केवळ नवेपणासाठीं बोअर करणें म्हणजे शिल्लक आयुष्यांतील एक पायरी फुकट घालविणें होय. बोअर केल्यावर पहिले कांहीं शेंकडे किलोमीटर गाडी सावकाश चालवावी.

आतां सुधारणांकडे वळूं. घरांतील तरुण मंडळींचा ओढा इकडेच अधिक असतो. या विषयांत एक कसोटी लावल्यास चूक सहसा होत नाहीं. ती अशी कीं, जो बदल उद्यां उलटवून गाडी पूर्ववत् करतां येईल तो करण्यास हरकत नाहीं. जो उलटवितां येणार नाहीं तो शंभरदां विचार करून करावा, आणि बहुधा करूंच नये.

या कसोटीवर उतरणारी सर्वांत उपयुक्त सुधारणा विजेची आहे. जुन्या जावा-येझदीची वीज ६ व्होल्टची असे. तितक्याच शक्तीचा दिवा लावण्यासाठीं ६ व्होल्टमध्यें १२ व्होल्टच्या दुप्पट प्रवाह लागतो. त्याच तारेंतून दुप्पट प्रवाह नेला कीं तारेंत वायां जाणारी शक्ति चौपट होते. जुन्या, गंजलेल्या जोडांत तर अधिकच. म्हणून या गाड्यांचा दिवा मेणबत्तीसारखा दिसतो. शिवाय ठिणगीहि बॅटरीवरच अवलंबून असल्यामुळें बॅटरी उतरली कीं गाडी अडते. शेवटच्या काळांतील कांहीं रोडकिंगना कारखान्यानेंच १२ व्होल्टची व पॉइंट नसलेली यंत्रणा दिली होती. आज जुन्या गाड्यांसाठीं असे संपूर्ण संच चेक प्रजासत्ताकांतहि तयार होतात. ते मूळच्या जागींच बसतात, चौकट कापावी लागत नाहीं, आणि जुना डायनॅमो जपून ठेवतां येतो. रात्रीं बाहेर पडणाऱ्यानें हा खर्च अवश्य करावा. संच घेण्याइतका पैसा नसेल तर आधीं सर्व तारा व जोड नवे करावे. निम्मा उजेड तेवढ्यानेंच परत येतो.

दुसरी सुधारणा कार्बोरेटरची. जुना जिकोव्ह कार्बोरेटर झिजला असल्यास त्याच्या जागीं मिकुनी पद्धतीचा कार्बोरेटर बसविण्याची चाल आहे. तोहि बदल उलटवितां येतो. मात्र नव्या कार्बोरेटरमध्यें जेट कोणता घालावा हें प्लगच्या रंगावरून, थोडें थोडें बदलून ठरवावें लागतें. दुसऱ्याच्या गाडीवर चाललेला आंकडा आपल्या गाडीवर चालेलच असें नाहीं.

याच्या उलट, चौकट कापून दुसऱ्या गाडीचा पुढचा फोर्क व डिस्क-ब्रेक बसविणें, मागचा भाग छाटून लहान बैठक करणें, जुन्या जावाची चेन झांकणारी पेटी काढून फेंकणें, हे बदल कसोटीला उतरत नाहींत. ती पेटी धूळ व चिखल यांपासून चेनचें रक्षण करते. ती गेली कीं चेन व दांते लौकर झिजतात. पन्नास वर्षांपूर्वींची चौकट नव्या जोरदार ब्रेकचा ताण सोसेलच असाहि भरंवसा नाहीं. कायदाहि येथें आडवा येतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें कारखान्याच्या मूळ रचनेंत फेरफार करण्यावर निर्बंध घातले आहेत, व सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें तोच अर्थ स्पष्ट केला. गाडीच्या नोंदणीला पंधरा वर्षें झाल्यावर दर पांच वर्षांनीं तिचें नूतनीकरण करावें लागतें. त्या तपासणींत कापलेली चौकट मालकाला चांगलीच महागांत पडते.

कागदपत्रांविषयीं आणखी दोन शब्द आवश्यक आहेत. गाडी आजोबांच्या नांवावर असेल तर पैसा घालण्याआधीं नांव बदलून घ्यावें. रंग काढतांना चौकटीवरील व इंजिनावरील क्रमांक घांसले जाणार नाहींत याची काळजी घ्यावी. ते पुसले गेले तर गाडीची ओळखच गेली. प्रथम नोंदणीपासून ५० वर्षें झालेल्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या गाड्यांसाठीं २०२१ सालीं निराळे नियम झाले. त्यांअन्वयें व्हीए या अक्षरांचा विशेष क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला २० हजार रुपये व पुढील नूतनीकरणाला ५ हजार रुपये शुल्क ठेवलेलें आहे. परंतु अशी गाडी प्रदर्शनें, मेळावे व तत्सम कारणांपुरतीच रस्त्यावर आणतां येते. रोज बाजारांत जाण्यासाठीं गाडी हवी असेल त्यानें हा मार्ग धरूं नये.

येवढा खटाटोप करण्याजोगी प्रत्येक गाडी असते काय? नसते, हेंहि मोकळेपणानें सांगितलें पाहिजे. चौकट गंजून पोखरली असेल, क्रँक-केसला भेग गेली असेल आणि कागदपत्रेंहि नसतील, तर त्या गाडीचा मोह आवरावा. मात्र तिला भंगारांत वितळवूं देऊं नये. तिचे गिअर, चाकें, टाकी, सायलेन्सर हे दुसऱ्या चार गाड्यांना जीवदान देऊं शकतात. ज्या यंत्राचा कारखाना उरला नाहीं त्याच्या बाबतींत मेलेली प्रत्येक गाडी हीच जिवंत गाड्यांची वखार असते.

सुट्या भागांहूनहि लौकर संपणारी एक वस्तु आहे. ती म्हणजे कारागिराचें ज्ञान. आवाजावरून बेअरिंग ओळखणारे, सील कोणत्या बाजूचें गेलें तें धुराच्या वासावरून सांगणारे मिस्त्री आतां सत्तरीकडे झुकले आहेत. त्यांच्या मुलांनीं दुसरे धंदे धरले. त्यांनीं हें ज्ञान कोठें लिहून ठेवलेलें नाहीं. तें त्यांच्या हातांत आहे. म्हणून जुन्या गाडीच्या मालकानें पान्यांच्या पेटींत एक साधी वहीहि ठेवावी. कोणता भाग केव्हां बदलला, त्याचें माप काय होतें, जेट कितीचा घातला, मिस्त्रीनें काय सांगितलें, हें तारीखवार लिहावें. इंजिन उघडेल त्या दिवशीं घरांतील मुलाला अथवा मुलीला मिस्त्रीच्या शेजारीं बसवावें.

जुलै महिन्याच्या दुसऱ्या रविवारीं अनेक शहरांतून या गाड्यांचे मेळावे भरतात. चकचकीत टाक्या व मरून रंग पाहून लोक थबकतात. परंतु गाडी खरी जिवंत आहे कीं नाहीं, याचा निवाडा त्या रविवारीं होत नाहीं. तो पुढच्या सोमवारीं सकाळीं होतो, जेव्हां दळणाचा डबा मागें बांधून कोणीतरी किक मारतो आणि गाडी दुसऱ्या लाथेला चालू होते. जिन्याखालच्या चादरीविषयीं घरांत वाद पडला असेल तर दोन्ही पक्षांनीं आधीं प्लग काढून त्या भोंकांत थोडें तेल सोडावें, आणि दोन दिवस थांबावें. निर्णय त्यानंतर घेतला तरी चालेल.